गव्हांकुराचे नऊ ट्रे: दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत

दसऱ्याला घट उठवले तेव्हा आमच्या सहा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजी, हे पिवळं का? शेतातलं तर हिरवं असतं." सासूबाईंनी नऊ दिवस निगुतीने पाणी घातलं होतं, धान वीतभर वाढलंही होतं, पण देवघराच्या कोपऱ्यात उजेड कुठून येणार? थोडं धान देवाला वाहिलं, थोडं टोप्यांत खोवलं आणि उरलेली परडी मी गॅलरीत ठेवली. दोन दिवसांत ती हिरवीगार. तिथून गव्हांकुर, म्हणजे गव्हाची कोवळी पाती, उगवून त्यांचा रस काढायचं हे खूळ सुरू झालं. गेली कितीतरी वर्षं घरात जे दर नवरात्रात उगवतं, तेच विकत आणायचे बेत मी करत होते, याचं आता हसू येतं.

पुणे, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, सकाळी दहापर्यंत ऊन. मदतनीस दोन: लेक आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. ट्रे म्हणजे मिठाईचे प्लास्टिकचे डबे, साधारण १२ बाय ८ इंच, तळाला तापल्या सुईने भोकं पाडलेले. बी म्हणजे आपला पोळ्यांचा लोकवन गहू. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी रंगाचे दाणे घेऊ नका, त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते शेतात पेरायला ठीक, आठ दिवसांत कापून पोटात घालायला नाही.

ट्रे १ वाया गेला. गहू भिजत घालून विसरले. ऑक्टोबरच्या उकाड्यात चोवीस तासांनी पाण्याला आंबूस वास सुटला, तरी जीव तुटून पेरले. चौथ्या दिवशी राखाडी बुरशी. आता रात्री दहाला भिजवायचे, सकाळी आठला निथळून फडक्यात बांधायचे, आणि पांढरं टोक दिसलं की पेरायचे. मटकीला मोड आणतो तसंच, फक्त मोड लांबू द्यायचे नाहीत.

ट्रे २ मी जवळजवळ फेकला होता. मुळांशी पांढरा कापूस दिसला आणि परत बुरशी आली असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी मारून तर बघ." मारलं, तर कापूस नाहीसा! ती मुळांची केसं होती. तीच खूण आता मुलांनाही पाठ आहे: पाण्याने बसलं तर मूळ, आणि दाण्यांवर जाळं तसंच राहिलं, वास आला, तर बुरशी. धाकटा प्रत्येक ट्रेला नाक लावून निकाल देतो.

ट्रे ३ पारव्यांनी खाल्ला. तेव्हापासून पहिले दोन दिवस वर ओली सुती ओढणी आणि मग जुनी मच्छरदाणी.

चौथ्यापासून जमायला लागलं. एका ट्रेला १५० ग्रॅम कोरडे गहू, दाण्याला दाणा लागेल पण दाण्यावर दाणा चढणार नाही असे पसरलेले. खाली इंचभर कोकोपीट आणि घरचं खत, निम्मं निम्मं. कोकोपीटची वीट फुगवल्यावर दोनदा धुऊन घ्या, त्यात खारेपणा असतो. पाणी सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने. फवारा मुलांच्या हातात दिला की ट्रेपेक्षा भिंत जास्त भिजते, म्हणून "प्रत्येकी वीस फवारे" असा नियम केला. धाकट्याला बारापुढे आकडे येत नाहीत, ते आमच्या पथ्यावरच पडलं.

लेक रोज पट्टीने उंची मोजून कॅलेंडरवर लिहिते. तिच्या नोंदीप्रमाणे ऑक्टोबरअखेरचा ट्रे आठव्या दिवशी १६ सेंटीमीटर, आणि डिसेंबरच्या थंडीतला त्याच उंचीला अकराव्या दिवशी. गहू रब्बीचा, थंडीत जोमाने वाढेल असं मला वाटलेलं. वाढतो सावकाश, पण पाती रुंद आणि गडद येतात, बुरशीचं तर नाव नाही. माझ्या मते गव्हांकुराला डिसेंबरसारखा महिना नाही.

आता रसाकडे. पहिला प्रयोग पुरणयंत्रात केला आणि तो कोणी करू नये. पाती जाळीवर गुंडाळली गेली, रस चमचाभर, आणि यंत्र साफ करायला अर्धा तास. (सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.) मिक्सरमध्ये जमतं, पण पाती आधी कात्रीने सेंटीमीटरभर कापून घ्या, नाहीतर मिक्सरच्या ब्लेडला गुंडाळी बसते. ३० ग्रॅम पाती, अर्धी वाटी गार पाणी, थांबत थांबत दोनतीनदा फिरवायचं, मलमलीतून पिळायचं. नोव्हेंबरात हाताने फिरवायचा ज्यूसर घेतला. त्यातून तेवढ्याच पात्यांचा १८ ते २० मिलिलिटर निव्वळ रस येतो आणि चोथा जवळजवळ कोरडा पडतो. हँडल कोणी फिरवायचं यावर रोज भांडण होतं, म्हणून सम तारखा लेकीच्या, विषम धाकट्याच्या. महिना ३१ चा असला की सलग दोन दिवस त्याचे, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

चव? आधी गोड, मग उसाच्या चिपाडासारखी, आणि शेवटी गवत. मुलांना दोन चमचे रस, मोसंबीच्या रसात मिसळून. त्याहून जास्त देत नाही. पाती कापल्यावर दोनदा धुते, रस काढला की लगेच संपवायचा, फ्रिजमध्ये ठेवणं नाही. मुळापासून बोटभर वर कापते, म्हणजे दाणा आणि माती येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला हे प्रकरण देऊच नये. सासरे रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या आड येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारलं आणि त्यांचा पेला बंद केला. ते खुशीत आहेत.

गव्हांकुराच्या रसाला 'हिरवं रक्त' वगैरे जे म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांची ठेवण थोडी सारखी आहे खरी, पण एकाच्या मधोमध मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या लोह. रस प्यायला म्हणून एकाचं दुसरं होत नाही. आम्ही पितो कारण आम्ही उगवलंय.

मेथीचा रस काढून पाहिला. मुलांची तोंडं पाहून मीच माफी मागितली. मेथीची जागा थालीपिठात. धने पेरले ते लाटण्याने दोन डाळिंब्या करून, तरी उगवायला बारा दिवस. धाकट्याने तोवर दोनदा उकरून पाहिले होते. पुदिना मात्र बाजारच्या जुडीतल्या काड्यांना पाण्यात आठवड्यात मुळं फुटून लागला, आणि मोसंबी, काकडी, पुदिना, दोन चमचे गव्हांकुर हा पेला घरात सर्वांत लवकर संपतो.

कापलेल्या ट्रेला दुसरं पीक येतं, पण विरळ आणि कडसर. आता एकदाच कापून मुळांचा गालिचा कंपोस्टात टाकते. तो डब्यातून अख्खा सोलून काढणं हे मुलांचं सर्वांत आवडतं काम आहे, रसापेक्षाही.

हल्ली दर चार दिवसांनी एक ट्रे पेरायला लागलोय, म्हणजे एक कापायला, एक वाढीला, एक ओढणीखाली. काल रात्री ट्रे ९ चे गहू भिजवले; आज तारीख सम आहे, फडकं लेकीने बांधलंय. फार घट्ट बांधलंय, ती शाळेत गेली की सैल करीन. मार्चनंतर गॅलरी तापायला लागेल, तेव्हा गव्हाच्या जागी राजगिरा आणि लाल माठ लावून बघायचा विचार आहे. उन्हाळ्यात कोणी गव्हांकुर टिकवले असतील, तर सावली किती आणि पाणी किती वेळा, ते सांगा.