मळवली ते मळवली : लोहगड-विसापूर एका दिवसात

लोहगड बऱ्याच जणांचा झालेला असतो. गाडी थेट लोहगडवाडीत, मग पायऱ्या, विंचूकाट्यावर (गडाच्या लांब, निमुळत्या माचीवर) फोटो आणि खाली येऊन कांदाभजी. पण मळवली स्टेशनवरून पायी निघून भाजे गाव, शेजारचा विसापूर किल्ला, गायमुख खिंड, लोहगड आणि परत भाजे असा पूर्ण गोल मारायचा तर प्रकरण वेगळं आहे, त्याला नीट प्लॅनिंग लागतं. यावेळी ते सगळं माझ्याकडे होतं, कारण बरोबर बाबा येणार होते (साठी ओलांडलीय, पण रोज पर्वती चढतात), मावसभाऊ आणि त्याची बायको, आणि वहिनीचा हा पहिलाच ट्रेक. म्हणून मी जे जे बघितलं ते लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी तारीख. पावसाळ्यातला शनिवार-रविवार मी विचारातच घेतला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या दरवाज्यात माणसं तासन्‌तास अडकून पडली होती त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत, शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मावळातल्या ठिकाणांवर कधी कधी बंदी घालतं, म्हणजे रजा टाकायची आणि ऐनवेळी बेत रद्द. एप्रिल-मे मध्ये विसापूरच्या पठारावर सावली अशी नाहीच. म्हणून दसरा झाल्यावर, मधल्या वारी जायचं ठरलं. वाटा बऱ्यापैकी सुकलेल्या असतात, गवत अजून हिरवं असतं आणि कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं शिल्लक असतात.

मग खरा वाद. आधी लोहगड की आधी विसापूर? भावाचं म्हणणं, "ताई, लोहगड सोपा आहे, आधी तो उरकू, पाय मोकळे होतील." मी अजिबात ऐकलं नाही, आणि हे मी सगळ्यांना सांगीन की आधी विसापूरच. एक तर तो उंच आहे, १०८४ मीटर, लोहगड १०३३, आणि मळवली सहाशेच्या आसपास, म्हणजे पहिल्याच टप्प्यात जवळपास पाचशे मीटर चढ, तो सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी झालेला बरा. दुसरं म्हणजे विसापूरची वाट झाडीतून, सुट्या दगडांतून जाते, फाटे फुटतात, आणि वरचं पठार इतकं मोठं आहे की ढग उतरला तर दिशा कळत नाही, तिथे चुकायला आपल्या हातात वेळ असला पाहिजे. लोहगडला काय, बांधलेल्या पायऱ्या आहेत, दमलेला माणूसही पायऱ्या मोजत चढतो आणि उतरतो. तिसरं कारण जेवण. विसापूरवर काही मिळत नाही, लोहगडवाडीत घरगुती जेवण मिळतं, आणि ते बरोब्बर मध्यावर येतं!

अंतर मी अठरा-वीस किलोमीटर धरलं होतं. आणि एक नियम केला, दुपारी एकपर्यंत गायमुख खिंडीत पोचलो नाही तर लोहगड सोडून द्यायचा. ही खिंड दोन्ही किल्ल्यांच्या मधोमध आहे आणि तिथून डांबरी रस्ता सरळ भाज्याला उतरतो, म्हणजे कोणाचा गुडघा बोलायला लागला, कोणाला ऊन लागलं, तरी तिथून सुखरूप घरी जाता येतं. अर्ध्यावर अशी सुटका असलेले ट्रेक आपल्याकडे फार नाहीत, म्हणूनच पहिल्यांदा येणाऱ्यांना घेऊन मी हाच निवडला. नियम घरीच सगळ्यांकडून कबूल करून घेतला, वर गेल्यावर "एवढं आलोय तर" सुरू होतं आणि मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

पुण्याहून पहिल्या लोकलपैकी एक पकडली. मळवलीला लोकलच थांबते, त्यामुळे मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल घ्यायची. स्टेशनवर उतरल्याउतरल्या परतीच्या लोकलच्या वेळांचा फोटो काढून घेतला. चहा-पोहे खाऊन एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे. इथली जुनी लेणी मी मुद्दाम संध्याकाळसाठी ठेवली, कारण पुढे सांगते.

भाज्याच्या बाजूने विसापूर चढताना शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात, कातळात कोरलेला मारुती दिसतो, बाजूला खोदलेली टाकी. वहिनी तिथे टेकली आणि म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही दमत कसे नाही?" बाबा नुसते हसले आणि तिला गुळ-शेंगदाण्याची पुडी दिली. पाणी माणशी तीन लिटर घेतलं होतं, टाक्यांच्या पाण्याच्या भरवशावर मी कोणालाच ठेवणार नाही. टोपी आणि चांगल्या ग्रिपचे बूट, बाकी काही विशेष लागत नाही. फोनवर ऑफलाइन नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्या, वर रेंज येते आणि जाते.

पठारावर चुन्याचा घाणा आहे, तिथे आम्ही बराच वेळ बसलो. जमिनीत गोल दगडी चर, आणि त्यात फिरणारं प्रचंड दगडी चाक. चरात चुना आणि वाळू टाकायची, बैल जुंपून चाक फिरवायचं आणि तयार झालेला चुना तटबंदीला. बाबांनी चराच्या कडेवरून हात फिरवला, झिजून गुळगुळीत झालीय ती. आणि ज्या तटासाठी हे सगळं केलं तो जागोजागी पाडलेला. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग समोरचा लोहगड न लढता त्यांच्या हातात आला. हे पुस्तकात वाचून नुसतं पाठ होतं, विसापूरच्या कड्यावर उभं राहून खाली लोहगडाकडे पाहिलं की कळतं, तोफेच्या टप्प्यात सरळ समोर पडलाय तो. भाऊ तिथे म्हणाला, "पटलं, आधी विसापूर."

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे, विसापूर नाही. मला याचं वाईट वाटतं. लोहगडाची गोष्ट विसापूरवर आल्याशिवाय पुरी होत नाही आणि तिथे होतो तेवढ्या वेळात आम्हाला गुराख्यांशिवाय कोणी भेटलं नाही.

खिंडीत उतरतानाचा दगडांचा उतार सगळ्यात त्रासाचा, तिथे घाई करू नका, काठी असेल तर वापरा. साडेबाराला खाली होतो, लोहगडवाडीत पिठलं-भाकरी-ठेचा खाल्ला, अर्धा तास आडवे झालो आणि मग लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, वळत वळत एकामागून एक असे लागतात की खालून येणारा वरच्याच्या माऱ्यात राहतो. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधलेला, तिथे भात-नाचणी साठवायचं भुयार आहे. विंचूकाट्यावर बाबा आणि वहिनी गेले नाहीत, वरच सोळाकोनी तळ्याजवळ बसले. आम्ही दोघं टोकापर्यंत जाऊन आलो, पवना धरणाचं पाणी, मागे तुंग आणि तिकोना किल्ले. खाण्याच्या पिशव्या सॅकमध्ये बंद ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात. आणि स्पीकर लावणाऱ्यांना कळकळीची विनंती, कड्यांना आग्यामोहोळं असतात, गोंगाट आणि धूर दोन्ही टाळा.

उतरताना डांबरी रस्ता लांब आणि कंटाळवाणा आहे, पण तो भाज्याच्या लेण्यांशी आणून सोडतो आणि म्हणूनच ती शेवटी ठेवलेली. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उतरतं ऊन चैत्यगृहात आतपर्यंत येतं आणि छताच्या लाकडी कमानी उजळतात. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आहेत आणि त्यातलं काही लाकूड त्या काळातलंच आहे! सकाळी हे दिसत नाही. फक्त तिकीटखिडकी बंद व्हायच्या आत पोचा, म्हणजे लोहगडावरून फार तर साडेतीनला निघायलाच हवं. लेण्यांपासून स्टेशन पाऊण तास, अंधार पडायच्या आत होतं, आणि लोकल चुकलीच तर जुन्या हायवेपर्यंत रिक्षा करून तिथून एसटी मिळते.