आमची वाटचाल: कवळ्याच्या स्वैपाकघरातला बिनअंड्याचा चॉकलेट केक

आमच्याकडे मेनूकार्ड वगैरे काही नाही. चॉकलेट केक, त्याच पिठाचे कपकेक, वरून हवं असेल तर गनाश म्हणजे चॉकलेट-क्रीमचा थर, बस्स. फोनवर लोक विचारतात फोटोकेक होईल का, रेड वेल्वेट आहे का, बाहुलीचा घेरदार झगावाला करता का, तेव्हा आम्ही सरळ फोंड्यातल्या दुसऱ्या बायकांचे नंबर देतो, त्या ते छान करतात, आणि त्यांच्याकडे कोणी बिनअंड्याचं साधं चॉकलेट मागितलं की त्या आमचा नंबर देतात. फाँडंटचा केक बघायला सुंदर दिसतो हे खरं, पण खाताना मुलं ते वरचं साखरेचं कातडं सोलून ताटात ठेवतात, मग कशाला ते?

घर आमचं गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याला, शांतादुर्गेच्या देवळापासून चालत जाण्याएवढं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात मासे होते, पण ते मागच्या पडवीतल्या चुलीवर, आणि सोमवार, श्रावण, एकादशी सगळं कडक. ओव्हन घेतला तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली, "केक कर, पूण तांतयां घरांत हाडूं नाका." म्हणजे अंडं घरात येणार नाही. आता मागे वळून बघितलं तर त्या अटीवरच हा धंदा उभा आहे, कारण फोंड्याच्या आसपास, म्हार्दोळ, मंगेशी, बांदोडा, रामनाथी या देवळांच्या पट्ट्यात अशी घरं ढिगाने आहेत जिथे मुलाच्या वाढदिवसाला केक तर हवा पण आजीनेही तो तोंडात घालायला हवा.

अंडं केकमध्ये दोन कामं करतं, पीठ धरून ठेवतं आणि फुगवतं. ते काढलं की त्याची जागा कोणीतरी घ्यायला पाहिजे. सुरुवातीला आम्ही कंडेन्स्ड मिल्कवाला करायचो, तो चवीला छान पण जड, आणि डब्याची किंमत बघून अर्ध्या किलोत काही उरायचं नाही. मग सोडा आणि आंबट यावर आलो. ही पद्धत जुनीच, अमेरिकेत मंदीच्या आणि महायुद्धाच्या काळात दूध-अंडी-लोणी महाग झालं तेव्हा तिकडच्या बायका असाच केक करायच्या. आंबटासाठी विनेगर घालतात. आता गोव्यात विनेगर म्हटला की माडाच्या सूरेचा, म्हणजे माडीचा, आणि तो आणला असता तर सासूबाईंनी मला ओव्हनसकट बाहेर काढलं असतं, म्हणून आम्ही लिंबू पिळलं! लिंबाने तेवढंच काम होतं आणि भाजल्यावर आंबट काही लागत नाही. सोड्याची लिंबाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तेच बुडबुडे केक वर उचलतात.

रेसिपी आम्ही लपवत नाही, विचारेल त्याला देतो. मैदा 190 ग्रॅम म्हणजे दीड कप, साखर 200 ग्रॅम, कोको पावडर 25 ग्रॅम, खायचा सोडा सपाट एक चमचा, मीठ अर्धा चमचा, हे सगळं दोनदा चाळायचं. दुसऱ्या भांड्यात पाणी 240 मिली, तेल 80 मिली (वासाचं नको, खोबरेल तर नकोच), लिंबाचा रस एक मोठा चमचा, व्हॅनिला एक चमचा. पाणी गरम घेतलं आणि त्यात थोडी इन्स्टंट कॉफी टाकली तर कोकोचा वास उघडतो, कॉफीची चव कळत नाही. ओलं कोरड्यात ओतायचं आणि फेटायचं नाही, पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, कारण मैदा जास्त ढवळला की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक रबरी होतो. आठ इंची टिनमध्ये 180 डिग्रीला 30 ते 35 मिनिटं, कपकेक असतील तर साचे दोन-तृतीयांश भरायचे आणि 18 ते 20 मिनिटं, एवढ्यात बारा होतात. सुई टाकून बघा, ओलं पीठ चिकटलं नाही की काढा. आणि ओव्हनच्या डायलवर विश्वास ठेवू नका, आतला थर्मामीटर स्वस्तात मिळतो तो घ्या, छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, डायल एक सांगतो आणि आत वेगळंच असतं.

लोक म्हणतात रेसिपी वाटता मग धंदा कसा होतो? होतो. घरी एक केक कोणीही करतो. पण पावसात, लाईट जात-येत असताना, अमुक वाजता पणजीला पोचेल असे पाच केक करणं ही वेगळी गोष्ट आहे.

लाईटचं सांगते. या पिठाची एक खोड आहे, ओलं-कोरडं एकत्र झालं त्या क्षणापासून सोड्याचा वायू सुटायला लागतो, तो तुमची वाट बघत नाही. पीठ तयार आणि लाईट गेली की संपलं, तासाभराने तेच पीठ भाजलं तर चपटी वडी निघते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे जरा वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की लाईट जाणार हे धरूनच चालायचं. घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे ओढतो, दोन हजार वॅटचा ओव्हन नाही ओढत. म्हणून पहिले काही पावसाळे आम्ही कोरडं सगळं मापून पुड्या बांधून ठेवायचो आणि ओव्हन तापून तयार झाल्याशिवाय पाणी ओतायचो नाही. त्याने निदान सामान वाचायचं. नंतर पैसे साठले तसा गॅसवरचा ओव्हन घेतला, त्याला 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो, घरगुती 14.2 किलोवाला धंद्याला वापरायचा नसतो, आणि खर्च वाढला तरी झोप लागायला लागली.

दमटपणा हा दुसरा त्रास. पावसात कोकोच्या गुठळ्या होतात, आयसिंग शुगर दगड होते, मैदा स्वतःच ओलावा ओढून बसतो म्हणून पाणी एक-दोन चमचे कमी घालावं लागतं. कपकेक पूर्ण गार व्हायच्या आत डब्यात घातले तर आत वाफ धरते, कागद सुटतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशीची शंका. उन्हाळ्यात उलट, कोको बटर साधारण 34 डिग्रीला वितळतं, आणि मे महिन्यात दुपारी बसमध्ये किती असतं ते तुम्हीच बघा. म्हणून एप्रिल-मेमध्ये गनाश घट्ट करतो, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम, एरवी समसमान. व्हीप क्रीमचे केक आम्ही ठेवले नाहीत, त्यातल्या वनस्पती तुपाचा थर टाळूला बसतो तो मला स्वतःला आवडत नाही.

पोचवायचं कसं, हा प्रश्न सुरुवातीपासून होता. आमच्याकडे एक स्कूटर आणि फोंडा ते पणजी तीसेक किलोमीटर. मग काय, खासगी बसचे कंडक्टर. गोव्यात बसमधून काय काय जातं, शहाळी, औषधं, कोणाची विसरलेली छत्री, तसे आमचे कपकेकही जायला लागले. म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर करत पणजी स्टँडवर गिऱ्हाईक उभं असतं, कंडक्टरला चहापाण्याचे पैसे आम्ही इथेच देतो. कपकेक जास्त विकले जाण्याचं खरं कारण हेच आहे हो, बसमधून गनाशवाला केक पाठवला की बाणस्तारीच्या आसपास डब्याला चिकटतो, कपकेक आपापल्या खोबणीत गप्प बसून जातात.

कागदपत्रांबद्दल नव्याने सुरू करणाऱ्या मुली विचारतात. घरातून करत असलात तरी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन लागतंच, आम्ही काढलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी ते साधं होतं, फी वर्षाला 100 रुपये, अर्ज ऑनलाइन. 14 आकडी नंबर डब्यावर छापायचा. आणि अंडं असलेल्या केकला आपल्याकडे नॉनव्हेजची तपकिरी खूण लागते, आमच्या डब्यावर हिरवी. देवळाकडच्या आज्या चष्मा लावून ती बघतात, मी स्वतः पाहिलंय.

2024 साल मात्र अवघड गेलं. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोचं पीक घटलं, डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात भाव टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला, आणि कवळ्यात बसून आम्ही कोकोच्या पाकिटाची नवी किंमत बघत होतो. कोको कमी करून रंग घालणं हा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. आम्ही भाव वाढवला आणि गिऱ्हाइकांना मेसेज करून कारण सांगितलं, काही गेले, बरेचसे राहिले. मैदा-साखरेपेक्षा डबा आणि केकखालचा पुठ्ठ्याचा बोर्ड महाग पडतात हेही त्याच हिशेबात लक्षात आलं, तेव्हापासून कवळ्यातल्या कवळ्यात घेणाऱ्यांनी स्वतःचा स्टीलचा डबा आणला तर आम्ही पैसे कमी लावतो.

चवथीला आमचा ओव्हन बंद, तेव्हा घरोघरी नेवऱ्या (करंज्या) आणि मोदक, केक कोणाला सुचतो. नाताळात मडगाव-म्हापशाकडच्या बेकऱ्यांचा जोर, प्लम केक त्यांनीच करावा. आमची गर्दी संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला वाण म्हणून कपकेक द्यायची टूम कोणी काढली माहीत नाही, पण प्लॅस्टिकच्या चाळण्या आणि वाट्या घरात साठवून कंटाळलेल्या बायकांना ती फार आवडली. त्या दिवसांत गावातल्या दोघी वहिनी मदतीला येतात, एक चाळते एक कागद लावते, सासूबाई डबे मोजतात आणि मोजताना कोणाला बोलू देत नाहीत.

फोंड्यात दुकान घ्या असं सगळे सांगतात. भाडं ऐकलं की आम्ही परत घरी येतो. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायची, सकाळच्या बसने हवं असेल तर तसं आधीच सांगायचं, आणि कपकेक डझनाच्या पटीतच मिळतील, कारण ट्रे बाराचा आहे.