हॉट स्प्रिंग्जमधला खोका

"हे घेऊन जा. वाटेत उपाशी राहण्याच्या भीतीने मी जरा जास्तच घेतलं होतं," असे म्हणत साठीच्या त्या गृहस्थांनी पीनट बटरची न उघडलेली बरणी आज दुपारी वसतिगृहाच्या ओसरीवरील खोक्यात ठेवली.

अमेरिकेतल्या जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल ही पायवाट नॉर्थ कॅरोलायनातील हॉट स्प्रिंग्ज या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, त्यामुळे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणारे बहुतेक जण इथे थांबून पुढच्या टप्प्याचा शिधा भरतात. ज्याला जे जड होईल ते त्याने खोक्यात ठेवावे आणि ज्याला लागेल त्याने विचारल्याशिवाय उचलावे, अशी रीत आहे. आज त्यात ओट्सच्या पुड्या होत्या, अर्धी वापरलेली टूथपेस्ट होती आणि रबर लावून बंद केलेली तांदळाची पिशवी होती, जिच्यावर कुणीतरी पेनाने 'दोन वेळचे' असे लिहून ठेवले होते.

त्या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याच्या पोटाचा हिशोब कुणीतरी नीट करून ठेवला होता. वारीच्या वाटेवरच्या गावांमध्ये हे मी लहानपणापासून पाहिले आहे, पण तिथे वाढणारा हात तरी दिसतो.

तांदूळ मी घेतले आणि माझ्याकडची जास्तीची मसूर डाळ, शिजायला लागणारा वेळ चिठ्ठीवर लिहून, तिथे ठेवली.

आपल्या शहरांतल्या सोसायट्यांच्या दाराशी असा एखादा खोका का असू नये?