बिद्री आधी की मुदाळतिट्टा?

एसटीत कंडक्टर होतो, गारगोटी लाईनवर बरीच वर्षं काढली. त्यामुळं बायबलातल्या गणना पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय मला आवडतो. चर्चमध्ये तो वाचायला घेतला की निम्मी माणसं डुलक्या काढतात. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांचे रामसेसपासून यार्देन नदीच्या काठापर्यंतचे मुक्काम: इथून निघाले, तिथं तळ दिला. इथून निघाले, तिथं तळ दिला. साक्षात वेबिलच, कंडक्टरनं स्टॉपवार भरायचा कागद!

त्या यादीत मोसेरोथ आधी आणि बनेयाकान नंतर. अनुवाद नावाचं बायबलातलंच पुढचं पुस्तक आहे, त्याच्या दहाव्या अध्यायात हेच उलटं. त्याचा मला कधी घोर लागला नाही. गारगोटीला जाताना बिद्रीचा स्टॉप आधी लागतो, येताना मुदाळतिट्ट्याचा. ४० वर्षं रानात फिरणारी माणसं एका वाटेनं एकदाच गेली असतील कशावरून?

हेरांचंही तसंच. गणना म्हणतं, पुढचा कनान देश बघायला हेर पाठव असं परमेश्वरानं मोशेला, म्हणजे लोकांच्या पुढाऱ्याला, सांगितलं. अनुवादात मोशे म्हणतो, तुम्हीच सगळे माझ्याकडं आला होता. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा ‘बाहेर पडूया’ असं आधी मीच म्हटलं. बायकोला विचारा. ‘हे कॉटवर पाय वर घेऊन बसलेले. तांदळाचा डबा माळ्यावर मी चढवला, नि उठा म्हटलं तेही मीच.’ दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. मोशे तर मवाब देशात उभा राहून मरणाआधीचं शेवटचं बोलतोय. हेरांचं ऐकून लोक भ्याले, पुढं जाईनात, आणि त्यापायी अख्खी पिढी वाळवंटात संपली. अशा वेळी ‘तुम्हीच आला होता ना?’ हे तोंडात येणारच.

अडतं ते मोशेच्या भावापाशी, अहरोनापाशी. अनुवादाच्या त्याच ओळीत पुढं आहे की अहरोन मोसेरात, म्हणजे त्याच मोसेरोथात, वारला, तिथंच पुरला. गणना सांगतं, होर डोंगरावर. चाळिसावं वर्ष, पाचव्या महिन्याचा पहिला दिवस, वय १२३. स्टॉपचा क्रम चुकेल एखाद्याचा. सख्खा भाऊ कुठं गेला हे कोण चुकेल?

पाळकसाहेब म्हणाले, मोसेरा म्हणजे होर डोंगराच्या आसपासचा मुलूख असेल. म्हटलं, साहेब, मग यादीतले मधले सहा मुक्काम कुठं घालायचे? हसले, चहा घ्या म्हणाले. राशी नावाच्या ज्यू भाष्यकारानं अकराव्या शतकात वेगळीच तोड काढली होती: अहरोन होरवरच गेला, पण लोक भिऊन मोसेरापर्यंत मागं पळाले आणि तिथं एवढा शोक केला की जणू तिथंच वारला. लोकांची रीत म्हणून हे मला पटतं. पण ओळीत ‘पुरला’ आहे, त्याचं काय?

परवा पुन्हा वाचताना एक लक्षात आलं. अनुवादातल्या मुक्कामांच्या त्या दोन ओळींच्या आधी मोशे ‘मी’ म्हणून बोलतोय, डोंगरावरून उतरलो वगैरे. पुढंही ‘मी’. मधेच मात्र ‘इस्राएल लोक निघाले’, जणू तो त्यांच्यात नाहीच. आणि याच पुस्तकात शेवटाकडं, बत्तिसाव्या अध्यायात, अहरोन होर डोंगरावर मेला असं सरळ लिहिलंय.

वेबिलावर मधेच दुसरं अक्षर दिसलं की आम्ही समजायचो, ड्यूटी बदलली. पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगेन, चहा झाल्यावर.