काहीच न दिलेल्या पेशी का चमकल्या?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हायड्रोजन सल्फाइडच्या मागे लागले. कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, एवढीच त्याची बीएस्सीपासूनची ओळख. पण तो मेंदूतही तयार होतो आणि चेतापेशींमध्ये निरोप्याचं काम करतो, असं आबे आणि किमुरा यांनी १९९६ साली मांडलं होतं. तो जिवंत पेशीत दिसावा म्हणून मला एक प्रोब, म्हणजे तो भेटला की चमकणारा रेणू, बनवायचा होता.

गाभा नॅफ्थॅलिमाइड या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा, त्यावर चौथ्या जागी अझाइड, म्हणजे तीन नायट्रोजनची साखळी. अझाइड आहे तोवर रेणू अंधारात. सल्फाइडने त्याचं अमाइन केलं की हिरवट-पिवळा उजेड. ही युक्ती माझी नव्हे, तेव्हा बर्कलीत असलेल्या क्रिस चँग यांच्या गटाने २०११ मध्ये ऱ्होडामिन या दुसऱ्या रंगद्रव्यावर ती वापरली होती. मी दुसऱ्या टोकाला मॉर्फोलिन जोडलं, कारण मला लायसोसोम, म्हणजे पेशीतली कचरा पचवणारी आम्लयुक्त पिशवी, गाठायची होती. तिथल्या आम्लात मॉर्फोलिन प्रोटॉन घेतं आणि रेणू आतच अडकतो.

सिंथेसिस दोन पायऱ्यांचं, त्यात फार त्रास झाला नाही. एक गोष्ट मात्र घडली. टीएलसीची (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारी) प्लेट यूव्ही दिव्याखाली तशीच राहिली आणि बघता बघता काळा स्पॉट पिवळसर चमकायला लागला. वहीत ‘अशुद्ध?’ असं लिहिलं आणि पुन्हा शुद्धीकरणाचा कॉलम लावला.

क्युव्हेटमध्ये, म्हणजे पेशींशिवाय नुसत्या द्रावणात, सगळं छान झालं. धास्ती होती ग्लुटाथायोनची. पेशीतला हा गंधकवाला रेणूही अझाइडचं अमाइन करू शकतो. पेशीत ते १ ते १० मिलिमोलर असतं, सल्फाइड त्याच्या तुलनेत अगदी नगण्य. ५ मिलिमोलर ग्लुटाथायोन घातलं तरी प्रोब जवळपास शांत राहिला, तेव्हा जिवात जीव आला.

मग हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोगपेशी), १० मायक्रोमोलर प्रोब, आणि कॉन्फोकल, म्हणजे लेझरने स्कॅन करणारा सूक्ष्मदर्शक. सल्फाइड दिलेल्या पेशी चमकल्या. न दिलेल्याही चमकल्या.

तीन आठवडे मी ग्लुटाथायोनलाच दोष देत होते. शेवटी एन-इथाइल मॅलिमाइड घालून पेशीतले सगळे थायोल, म्हणजे ग्लुटाथायोनसारखे गंधकवाले रेणू, बांधून टाकले, त्यात पेशीचं स्वतःचं सल्फाइडही गेलं. आता अझाइडचं अमाइन करायला कोणीच उरलं नव्हतं, तरी चमक तशीच! वैतागून झूम कमी केला आणि पडद्यावर दिसला एक चौकोन. मी स्कॅन करत होते तेवढाच भाग उजळ, कडेच्या पेशी अंधारात. फ्रेम मागे नेत गेले. पहिली काळी, पाचवी धूसर, दहावी लख्ख.

प्रोब मीच पेटवत होते, ४०५ नॅनोमीटरच्या लेझरने. प्रकाशाने अझाइडमधला नायट्रोजन निघून जातो आणि उरलेला भाग नव्या, चमकणाऱ्या पदार्थात बदलतो. टीएलसीवरचा तो स्पॉट मला हेच सांगत होता, आणि मी त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून मोकळी झाले होते.

पुढचं काम कंटाळवाणं, पण सरळ. प्रत्येक वायल फॉइलमध्ये गुंडाळली, खोलीतले दिवे बंद केले. लेझर ४५८ वर नेला, कारण अझाइड तिथला प्रकाश फारसा शोषत नाही. त्याची पॉवर जमेल तितकी खाली आणली. फोकस ब्राइटफील्डमध्येच, म्हणजे लेझरशिवाय साध्या उजेडात, करायचा, एका जागी एकच फ्रेम घ्यायची आणि पुढच्या पेशींकडे सरकायचं.

हे सगळं जमलं त्या दिवशी मी सरांना आधी कंट्रोलचा, म्हणजे सल्फाइड न दिलेल्या पेशींचा, फोटो दाखवला. पूर्ण काळा. त्यांनी ब्राइटनेस वाढवून बघितला, तरी काळाच.