तिरक्या कंबरेची गिटार

शनिवार, रात्रीचे साडेबारा

आज परत सहावी तार ब्रिजवरनं (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सटकून शेजारच्या खाचेत जाऊन बसली. दोष गिटारचा नाही, माझा. हौसेने ९ च्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) पातळ तारा लावल्यात, आणि हे फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर या इलेक्ट्रिक गिटारचं डिझाइन १९५८ सालचं, तेव्हाच्या जाडजूड तारांच्या हिशोबाने केलेलं. माझी कॉपीच आहे, पण ठेवण तीच, कंबर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, म्हणून तर ऑफसेट म्हणतात. दुकानातला पोरगा म्हणाला होता, “दादा, स्ट्रॅट (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर) घ्या, हिच्या नादाला लागू नका.” पण मी आधीच लागलेलो ना.

नाद लावला केविन शील्ड्सने. त्याच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ (१९९१) हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं फाइलच खराब आहे, सगळं हेलकावतंय, सूर एका जागी ठरतच नाही. मग कळलं की हा माणूस ट्रेमोलोचा दांडा (तारांचा ताण कमीजास्त करून सूर हलवणारा) मुठीत धरूनच स्ट्रम करतो, म्हणजे प्रत्येक कॉर्ड वाजता वाजताच जरा खाली जाते नि वर येते. त्याच्या हातात पहिली जॅझमास्टर आली तीही मित्राची, उसनी. आठ महिने तेच करायचा प्रयत्न करतोय. माझं ऐकून आई म्हणते बॅटरी उतरलीये का रे.

गंमत म्हणजे फेंडरने ही काढली जॅझवाल्यांसाठी, नावच तसं. त्यांनी फारशी हातात घेतली नाही आणि कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडवाल्या (समुद्रकिनाऱ्यावरचं रॉक वाजवणाऱ्या) पोरांनी उचलली. करायला गेले गणपती नि झाला मारुती. पुढे खप घसरला, १९७५ मध्ये हिची ऑफसेट बहीण जॅग्वार बंद, १९८० मध्ये जॅझमास्टरपण. गायक एल्विस कॉस्टेलो १९७७ च्या पहिल्याच अल्बमच्या कव्हरवर हीच घेऊन उभा होता, टेलिव्हिजन नावाच्या बँडचा टॉम व्हर्लेनही हीच वाजवायचा, तरी काही फरक पडला नाही.

आणि मग स्वस्तात मिळते म्हणून नको असलेल्या गिटारी नको त्या लोकांच्या हाती लागल्या! जे मॅस्किसला खरं तर स्ट्रॅटच हवी होती, परवडेना म्हणून जॅझमास्टर घेतली, आणि त्याच्या डायनासोर ज्युनियर बँडचा तो कान किटवणारा आवाज तिच्यातनंच निघाला. सॉनिक यूथ बँडवाल्या थर्स्टन मूर आणि ली रॅनाल्डोंनी तर हद्दच केली. तारांखाली स्क्रूड्रायव्हर खुपस, ब्रिजच्या मागे उरलेल्या तारेवर वाजव, आणि ट्यूनिंगं अशी की एकेका ट्यूनिंगला वेगळी गिटार ठेवायची. १९९९ च्या जुलैत कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा अख्खा ट्रकच चोरीला गेला. गिटार नवी मिळेल हो, पण त्या गाण्यासाठी लावून ठेवलेली ‘तीच’ कुठून आणणार? हे वाचलं तेव्हा मला खरंच पोटात कसंतरी झालं होतं.

निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनची १९६५ ची जॅग्वार सगळ्यांनाच माहितीये, तिच्यावर लिहीत नाही.

ब्रिजमागच्या तारेचं मात्र मीपण करून बघितलं. दांड्याकडच्या बाजूला उरलेला तो वीतभर तुकडा नखाने छेडला की देवघरातल्या घंटीसारखं किणकिणतं, अँप बंद असला तरी. आज त्या नादात वरचं स्विच हाताच्या धक्क्याने सरकलं, ते रिदम सर्किटचं (आवाज मऊ, दबका करणारी वेगळी जोडणी), आणि आवाज एकदम गोधडीतनं आल्यासारखा दबका. मी केबल बदलली, अँप उघडला, चांगला पाऊण तास घालवला आणि मग ते इवलंसं स्विच दिसलं. कुणाला सांगणार नाहीये हे.

उद्या ११ च्या तारा आणतो. दुकानातल्या त्या पोराकडूनच आणाव्या लागतील, बघूया काय म्हणतो.