चित्राला गुण नकोत

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात अनेक गावांची जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंतच असल्याने आठवीला मुले तालुक्याला येतात, आणि नव्या शाळेत रुळण्याचा प्रश्न तिथून सुरू होतो. मुली मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसने येतात, मुले एसटीने. घरी कोलामी ही कोलाम आदिवासींची भाषा बोलणारे मूल वर्गात तोंड उघडायला कचरते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढली की ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो.

अशा मुलांसाठी कलोपचार (आर्ट थेरपी), म्हणजे चित्र-मातीकामातून मनावर केलेला उपचार, उपयोगी पडतो, असे चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला वाटते. मात्र चित्रकलेचा तास म्हणजे कलोपचार नव्हे. आमचा सारा भर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या श्रेणीवर आणि दहावीच्या वाढीव गुणांवर असतो. कलोपचारात चित्र चांगले की वाईट हे विचारायचेच नसते. कलोपचाराच्या आरंभकर्त्यांपैकी एक, एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार १९३८ साली क्षयरोगामुळे आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढू लागला आणि पुढे सहरुग्णांनाही त्याने त्यात ओढले. तिथे श्रेणी द्यायला कोणी नव्हते, हे बरेच झाले.

आठवीतला एक मुलगा कागदाला हात लावत नसे. पोळ्याच्या आधी मी बैल करण्यासाठी शेतातली काळी माती आणली, तेव्हा ती वाळताना तडकते, तिच्यात रेती आणि बारीक कुटार (भुसा) घालावे लागते, हे त्यानेच सांगितले आणि माती कालवायलाही तोच बसला. त्याच्या बैलाचे शिंग मोडले. त्याने ओले बोट फिरवून ते पुन्हा बसवले. बैलाचे पाय मात्र त्याने पोटाखाली दुमडले होते. “हा थकला, सर. म्हणून बसवला,” एवढेच तो म्हणाला. कोण थकले, हे मी विचारले नाही.

काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, असली अनुमाने काढण्याची हौस शिक्षकांनी आवरावी. तो प्रशिक्षित उपचारकाचाही एकट्या चित्रावरून करण्याचा विषय नाही. झोप उडाली, जेवण सुटले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर माती-रंग बाजूला ठेवून पालकांशी बोलून रुग्णालय गाठावे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. पालकसभेत हा क्रमांक सांगितला की “आमचं पोरगं येडं हाय काय?” असा प्रश्न येतो, म्हणून मी तो मुलांच्या चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावतो.